कावळ्यानं मंजूर केलेला सभामंडप

गुरुजी, दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा शिवला आणि तेवढ्यावर गावानं तुमच्या नावाचा सभामंडप मंजूर करून टाकला. जागाही ठरली. रसूलचाचांची. ज्या घराच्या ओट्यावर बसून तुम्ही शाळा सुटल्यावर चहा प्यायचात, ते घर पाडून तिथं तुमच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची आहे. मी त्या दिवशी रडायला आले होते. या लोकांनी मला रडूसुद्धा दिलं नाही.

घडलं ते असं. कालव्याच्या कडेला पिंड मांडले. माणसं मागं सरली. कावळे बाभळीवर बसून होते, पण खाली यायला एकही तयार नव्हता. ऊन चढायला लागलं, तसं आपल्याकडं होतं ते सुरू झालं. मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असणार, ती पुरी करतो असा शब्द द्या, म्हणजे कावळा शिवेल. तुमचा थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "दादा, आईला मी अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "मास्तर, बांधाचं भांडान आजच्या आज मिटवतो." तरी नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "इतिहासाचा मास्तर हाय त्यो. नुसत्या शब्दावर न्हाय भागायचं, पुरावा मागतोय." लोक हसले. मीही हसले. तुम्हाला हे फार आवडलं असतं.

मग उपसरपंच सर्जेराव पुढं झाले. गळ्यात पक्षाचं उपरणं तसंच होतं, दहाव्यालाही ते काढून ठेवावंसं वाटलं नव्हतं. माइक नव्हता, म्हणून आवाज चढवून म्हणाले, "गुरुजींनी सारी हयात ह्ये गाव एक ठेवलं. त्यांच्या नावानं बिरोबाच्या देवळाशेजारच्या पडीक जागंवर सभामंडप उठवतो. गुरुजी, ह्यो सर्जेरावचा शब्द हाय!"

आणि कावळा उतरला.

का उतरला ते मी सांगते. सगळा गाव मान वळवून सर्जेरावांकडं बघत होता. पिंडांपाशी हालचाल उरली नव्हती. कावळा भुकेला होता, त्याला मोकळीक मिळाली, तो उतरला. पण "शिवला, शिवला!" असा ओरडा झाला, आणि कुणीतरी म्हणालं, "बघा, मास्तरची हीच विच्छा व्हती." सर्जेरावांनी डोळे पुसले. मला वाटतं, ते पाणी खरं होतं. त्याचाच मला जास्त संताप आला.

रसूलचाचा सगळ्यांच्या मागं, रस्त्याला लागून उभे होते. बारामतीहून पहिल्या एसटीनं आलेले. डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली होती आणि साधा रुमाल बांधला होता. जन्मलेल्या गावात यायचं, म्हणून. 'पडीक जागा' हे शब्द त्यांनी ऐकले आणि चप्पल बोटांत नीट बसवली, जणू आता निघायला हवं.

आमच्या घरात पिंड मांडत नाहीत, गुरुजी, तुम्हाला ठाऊक आहे. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक याच कालव्यात सोडले. माझे वडील, ज्यांना तुम्ही आण्णा म्हणायचात, ते बारामतीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलेल्या कागदावर स्वतःची पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'बंधूंनो आणि भगिनींनो, जागे व्हा!' हे मला आईच्या अंगाईआधी पाठ होतं. तुम्ही माझा निबंध तपासताना म्हणायचात, "पत्रकबाई, तुमच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक काठी उभी असते आणि तिच्या खाली एक खडा. मारायला दोन्ही उपयोगी." वर्ग हसायचा. मी तरीही पुढच्या निबंधात उद्गारचिन्हं देतच राहायचे.

तुमच्या वर्गातला एक तास मला रोज आठवतोय. आठवीत होतो. फाळणीचा धडा होता. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "ज्याचं कुलदैवत याच गावात आहे त्यानं हात वर करा." एकही हात वर गेला नाही. मग तुम्ही एकेकाला विचारत गेलात. सर्जेरावांचा धाकटा भाऊ म्हणाला, तुळजापूर. माळ्याची मुलगी म्हणाली, जेजुरी. तुमच्या भावकीतली पोरं म्हणाली, पट्टणकडोली. फळ्यावर गावांची नावं भरत गेली, आणि तुम्ही म्हणालात, "देव जिथं राहिला तिथून तुम्ही निघालात. कुणी गवतामागं आला, कुणी दुष्काळातून, कुणी कालव्याचं पाणी आलं म्हणून. आता हीच पोरं मोठी झाली की म्हणणार, आम्ही इथलेच. देशांचंही असंच असतं. आधी माणसं चालत येतात, त्यांच्याबरोबर त्यांचे देव येतात. राजकारण सगळ्यात शेवटी येतं, आणि येऊन सांगतं की तू पहिल्यापासूनचा, आणि तो नंतरचा."

मी उभी राहून म्हणाले, "गुरुजी, आमचं कुलदैवतच नाही."

"मग तुम्हीच एकटे इथले!" तुम्ही म्हणालात. वर्ग पुन्हा हसला.

"नाही," मी म्हणाले, "आम्ही कुठंही न जाता बाहेरचे. आमचं घर वेशीबाहेर आहे."

तुम्ही हसायचं थांबलात. खडू खाली ठेवलात. त्या तासाला तुम्ही पुढं काही शिकवलं नाहीत, आणि माझी खात्री आहे, आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. ते तुमच्या शेवटच्या आजारापर्यंत चाललं. तुमचं म्हणणं, चालणाऱ्या माणसांनी देश घडवले. माझं म्हणणं, हाकलणाऱ्यांनी घडवले. तुमचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर गावाजवळच्या कळसच्या माळावर परत यायचे. तुमच्या लेखी वाट म्हणजे मोकळीक. माझ्या आजोबांना गावातल्या काही वाटांवर पाय ठेवायची मुभा नव्हती. आपण दोघं एकच इतिहास दोन टोकांनी वाचत होतो.

सहलीला तुम्ही आम्हाला डोंगरातली बौद्ध लेणी दाखवायला नेलं होतं. मी विचारलं, "भिक्खू कुठं गेले? चालत गेले की घालवले?" तुम्ही म्हणालात, "पुरावा अपुरा आहे." मी म्हणाले, "रिकाम्या खोल्या हाच पुरावा." तुम्ही म्हणालात, "रिकाम्या खोलीवरून एवढंच कळतं, की कुणीतरी राहत होतं." तिथं शेजारच्या लेण्यात पुढं कधीतरी दुसऱ्या देवाची मूर्ती बसवलेली होती, तिला शेंदूर होता, हार होता. आपण दोघंही तिच्याकडं बघत राहिलो. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला कधीच दिलं नाहीत.

आता तर तुमच्या तोंडावर सांगते, गुरुजी, आपल्या गावात पुरावा अपुरा नव्हता.

अयोध्येत मशीद पाडली त्या हिवाळ्यानंतरची चैत्रातली जत्रा. आपल्या जत्रेत बकऱ्यावर सुरी फिरवायची ती मुलाण्यानं. रसूलचाचांनी, त्याआधी त्यांच्या वडिलांनी. देवळासमोर, बिस्मिल्ला म्हणून. त्याशिवाय आपल्याकडं हिंदूच्या घरातही ते मटण चुलीवर चढत नव्हतं. त्या वर्षी सर्जेरावांच्या टोळक्यातल्या पोरांनी दवंडी दिली, यंदा देवळापुढं मुलाणी नको, आपलाच माणूस कापेल. तुमच्या आई, धुरपदाआजी, काठी टेकत देवळात आल्या आणि पोरांना म्हणाल्या, "आरं, बिस्मिल्ला म्हटल्याबिगर बिरोबाला चालत न्हाय! तुमी कुठनं नवा बिरोबा आणला?" धनगरवाड्यानं आपली बकरी सोडून परत नेली. जत्रेच्या दिवशी देवळापुढं एकही बकरं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

जिंकलो होतो आपण, गुरुजी! तिथंच थांबायचं होतं.

पण तुम्ही मध्ये पडलात. बैठक घेतलीत आणि तोडगा काढलात, की चाचांनी देवळापुढं नको, स्वतःच्या घरामागं सुरी धरावी, बकरी तिकडं न्यावीत, नैवेद्य देवळात आणावा. दोन्ही बाजू हो म्हणाल्या. तुम्ही खुशीत आमच्या घरी आलात आणि मी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

"कुणाची रीत वाचवलीत?" मी म्हणाले. "त्यांनी एक पाऊल मागितलं, तुम्ही दिलंत."

"गाव फुटलं नाही ना?"

"चाचा देवळापुढून परड्यात गेले. याला गाव न फुटणं म्हणतात?"

"तुला त्या रिवाजाचा एवढा पुळका कधीपासून?" तुम्ही चिडलात. "बलुतेदारी म्हणजे बेडी, हे तुझ्याच आण्णांनी छापलंय. तुझ्या आजोबांनी गावकीची कामं सोडली तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं, तरी त्यांनी सोडली. मग रसूलनं सोडली तर?"

"आजोबांनी सोडली. चाचांकडून काढून घेतायत."

तुम्ही हळू म्हणालात, "फरक आहे खरा." आणि उठलात. आई आतून चहा घेऊन आली तोवर तुम्ही फाट्यापर्यंत पोचला होतात.

मला रिवाज नकोच होता. चाचांनी गावात राहावं ते सुरीच्या मानामुळं, हे मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. मान देणारा उद्या मान काढून घेतो. माणूस गावात राहतो तो त्याचं घर आहे म्हणून, तो या देशाचा नागरिक आहे म्हणून. तुम्ही म्हणायचात, कायदा इंदापूरच्या कचेरीत असतो, शेजार इथं असतो. आणि शेजारानं काय केलं? पुढच्या जत्रेला बाहेरून माणूस आणला. घरामागचीही सुरी बंद झाली. त्यानंतर शाळेच्या रस्त्यावर चाचांच्या शबानाला पोरं विचारायला लागली, "काय गं, पाकिस्तानची एसटी कितीला हाय?" सातवीतली पोर. तिचं आजोळ याच भागातलं, सांगवी! तुम्ही त्या पोरांना वर्गात उभं केलंत, त्यांच्या बापांना भेटलात. बाप म्हणाले, "गुरुजी, पोरंच ती. गंमत करत्यात."

चाचांनी एका सकाळी घराला कुलूप लावलं आणि बायकापोरांना घेऊन बारामतीला मेव्हण्याच्या दुकानात कामाला गेले. कुणी दगड मारला नाही. कुणी आग लावली नाही. म्हणून गावात आजही सांगतात, "आमी कुठं घालवलं? त्यो आपल्या पायानं गेला." गुरुजी, हेच वाक्य तुम्ही मला इतिहासाच्या पुस्तकात शोधायला शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं. ते प्रत्येक देशाच्या पुस्तकात असेल. माणसं आपल्या पायानं जातात. मग घरं पडीक होतात. मग पडीक जागेवर देवाचं किंवा देशाचं काहीतरी उभं राहतं, आणि त्याला नाव देण्यासाठी एक चांगला माणूस शोधला जातो. तो मेलेला असला तर उत्तम, कारण तो नको म्हणत नाही.

तुमच्यासारखा चांगला माणूस त्यांना दुसरा कुठं मिळणार होता?

दहाव्याहून परतल्यावर मी तुमच्या घरी गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी बसायच्या आधीच बोलायला लागले. सर्जेराव, राजकारण, निवडणूक, सगळं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, कावळा शिवला की गं. त्यांची विच्छा असल्याबिगर शिवंल का?"

मी काय बोलणार होते? माझ्याकडं आण्णांची सगळी पत्रकं होती, आणि त्यांतलं एकही त्या घरात, त्या दिवशी, वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला मी कावळ्याच्या भुकेबद्दल सांगू? मी दात आवळून गप्प बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, अखेर शिकली बाई गप्प बसायला.

तेवढ्यात रसूलचाचा आले. सोप्यात टेकले. काकूंनी पदर सावरला.

"रसूलभावजी, सर्जेराव म्हणतोय त्ये ऐकलं न्हवं?"

"ऐकलं, वैनी."

"तुमची जागा हाय. तुमी सांगा. द्यायची का?"

चाचांनी जमिनीकडं बघितलं. मग म्हणाले, "मास्तरच्या नावाला मी न्हाय म्हणंन का? बांधू द्या."

"मनापासून म्हणताय?"

"मनाचं काय घेऊन बसलाय, वैनी. आमी तितं, घर हितं. हुंद्या त्यांच्या मनासारखं." आणि ते लगेच उठले. दुपारची गाडी गाठायची होती. काकू म्हणाल्या, जेवून जावा. ते म्हणाले, पुढच्या खेपेला. चहाचा कप तसाच भरलेला राहिला.

ते गेल्यावर काकू त्या कपाकडं बघत बसल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांचा चेहरा बदलत गेला. तुमच्यावर चिडल्या की त्या नाकपुड्या फुलवायच्या, तशा फुलल्या.

"न्हाय म्हणता येत न्हाय त्या माणसाला," त्या म्हणाल्या. "ह्यांचं नाव पुढं केल्यावर त्यो कसा न्हाय म्हणंल? म्हंजी ह्यांच्या नावानं त्याचं तोंड बांधलं."

मी तेव्हाही काही बोलले नाही. शपथेवर सांगते.

"आन कावळ्याचं काय सांगत्यात मला? सारा जलम ह्यांचं ताट मी वाढलं. आमटीत मीठ कमी का जास्त त्ये ह्ये बोलायच्या आधी मला कळायचं. ह्यांच्या मनात काय व्हतं त्ये मला ठावं का कावळ्याला?"

गुरुजी, त्या क्षणी मला रडू आलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि खेकसल्या, "आता तू कशाला गळा काढतीस? कप उचल त्यो."

तेरावा झाला, सुतक फिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू झाडू घेऊन चाचांच्या घराकडं गेल्या. कुलूप तसंच राहू दिलं. अंगण झाडलं, सडा घातला, ओटा शेणानं सारवला, आणि सूप घेऊन तांदूळ निवडत तिथं बसल्या. भावकीतल्या बायका आधी लांबून बघत होत्या. मग एक आली, तिनं विचारलं, "सुलाबाई, ह्ये काय?" काकूंनी सरकून जागा दिली. ती पण बसली.

दुपारी सर्जेरावांनी मोटारसायकल थांबवली.

"काकू, हितं काय करताय?"

"तांदूळ निवडतीया."

"घरी निवडायचं की."

"ह्ये बी घरच हाय. पडीक म्हणत हुतास न्हवं? म्हणून म्हटलं, माणसं बसलेली दिसूद्यात."

"काकू, कावळा शिवलाय. साऱ्या गावानं बघितलं."

"मग कावळ्याचं नाव दे सभामंडपाला," काकू म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या. बायका इतक्या जोरात हसल्या की सर्जेरावांना गाडी सुरू करायला दोनदा किक मारावी लागली. आता तेही गावभर सांगतायत, की गुरुजींच्या दुःखानं काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय. सांगू देत.

सोमवारी ग्रामसभा आहे. विषय त्यांनी घेतलाय. जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात घेणे आणि त्यावर तुमच्या नावाचा सभामंडप. काकू येणार आहेत. भावकीतल्या चार बायका येतो म्हणाल्यात, किती येतील ते तेव्हा कळेल. मी बारामतीला जाऊन चाचांना भेटून आले. ते येणार नाहीत. म्हणाले, "शबाना आता कुठं वर्गात बोलाय लागलीया. मला त्या गावात पुन्हा उभं करू नकोस." मी त्यांना आग्रह केला नाही. माणूस परत येईल की नाही हे त्यानं ठरवायचं आहे. त्याचं घर त्याचंच राहील, एवढं मात्र आपण ठरवायचं आहे, आणि ते आपण त्याच्यावर उपकार म्हणून करायचं नाही.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो तोडगा चुकलाच, असं मी अजून म्हणते. पण तो काढायला त्या गावात दुसरा कुणी उठलाही नव्हता, हेही मी कधी तुम्हाला बोलून दाखवलं नाही. वेशीबाहेरच्या पोरीला उभं राहून उलट बोलू देणारा मास्तर मला भेटला नसता तर माझी भाषा पत्रकाच्या बाहेर पडली नसती. हे तुमच्या खाटेशेजारी बसून म्हणायचं होतं. तिथंही आपण लेण्यांवरूनच भांडलो.

काल आण्णा म्हणाले, "सभेत सांग की गुरुजींना हे कधीच पटलं नसतं. लोक ऐकतील." मी रात्रभर त्यावर विचार केला. खरंच ऐकतील. तुमच्या नावाला गावात वजन आहे, आणि मला माहीतही आहे की तुम्हाला हे पटलं नसतं.

पण नाही, गुरुजी. मी तसं म्हणणार नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालून सर्जेराव एक घर गिळायला निघालेत. मीही तुमच्या तोंडी माझे शब्द घातले, तर आमच्यात फरक एवढाच राहील की माझ्याकडं कावळा नाही. तुम्ही गेलात. तुमचं मत तुमच्याबरोबर गेलं. ते मी उसनं घेणार नाही.

सोमवारी मी उभी राहीन आणि म्हणेन, रसूल मुलाणी यांचं घर पडीक नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि हे मी सांगते आहे. नाव विचारलं तर माझं सांगेन.